तिथीचे गणित, यंत्राची वाणी

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या ज्यू कुटुंबातील वडिलांचे निधन १० मार्च २०२५ रोजी दुपारी झाले. हिब्रू पंचांगानुसार तो दिवस होता अदार महिन्याची १० तारीख, वर्ष ५७८५. पुढच्या वर्षी, म्हणजे ५७८६ मध्ये, अदारची १० तारीख येते २७ फेब्रुवारी २०२६ रोजी. त्यात वादाला जागा नाही. परंतु त्यापुढील ५७८७ हे अधिक महिन्याचे वर्ष आहे आणि त्यात अदार दोन आहेत. मग वडिलांची पुण्यतिथी पहिल्या अदारमध्ये, १७ फेब्रुवारी २०२७ रोजी पाळायची, की दुसऱ्या अदारमध्ये, १९ मार्चला? आणि निधन दुपारी न होता त्याच दिवशी रात्री आठ वाजता झाले असते, तर तिथी १० राहतच नाही. ती ११ होते. कारण हिब्रू दिवस मध्यरात्री नव्हे, सूर्यास्ताला सुरू होतो.

पुण्यतिथीच्या दिवशी चोवीस तास तेवणारा दिवा लावणे आणि कद्दिश ही प्रार्थना म्हणणे, ही ज्यू कुटुंबातील अत्यंत हळवी बाब. त्यासाठीची तिथी आजवर लोक धर्मगुरूंना किंवा सिनेगॉगच्या कारभाऱ्यांना विचारीत, नाही तर छापील दिनदर्शिकेत शोधीत. गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सहायकांना विचारला जाऊ लागला आहे. सहायक उत्तर देतो, तेही क्षणार्धात आणि अत्यंत आत्मविश्वासाने. ते उत्तर बरोबर असावे यासाठी आता एक नवी सोय झाली आहे. ज्यू पंचांगाचे गणित करणारा सर्व्हर थेट या सहायकांना जोडता येतो. वरवर पाहता ही संगणकतज्ज्ञांच्या कामाची बातमी. परंतु काळाची गणना कोणी करायची आणि तिचा निवाडा कोणी द्यायचा, हा ज्यू समाजातील हजार वर्षांहून जुना वाद या सोयीमुळे नव्या रूपात पुढे आला आहे, म्हणून त्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे.

आधी गणिताविषयी. हिब्रू पंचांग चांद्र-सौर आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडे. ही तूट भरून काढण्यासाठी १९ वर्षांच्या चक्रात सात अधिक महिने घातले जातात. चक्रातील ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ ही ती वर्षे. आपल्याकडील अधिक मासही याच गरजेपोटी आला. फरक असा की आपला अधिक मास ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही त्याला लागतो, त्यामुळे तो फिरता असतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक, तर २०२६ मध्ये ज्येष्ठ. ज्यूंचा जादा महिना मात्र नेहमी अदारपाशीच येतो.

चांद्रमासाची सरासरी लांबी या पंचांगाने २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग अशी ठरवून टाकली आहे. तासाचे भाग १०८०. म्हणजे एक भाग साडेतीन सेकंदांहूनही किंचित कमी. यावर पुन्हा वारांचे नियम. नववर्षाचा दिवस, रोश हशाना, रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचा नाही. तो बुधवारी आला तर योम किप्पूरचा कडकडीत उपवास शुक्रवारी पडेल, शुक्रवारी आला तर तो रविवारी पडेल. दोन्ही वेळा शब्बाथला जोडून सलग दोन दिवस ना स्वयंपाक करता येणार, ना दफनविधी. रविवारी आला तर सुक्कोथच्या सणातील वाळुंजाच्या डहाळ्यांचा विधी शनिवारी येईल, तोही नको. म्हणून नववर्ष एक किंवा दोन दिवस पुढे ढकलायचे. या साऱ्यातून वर्षाच्या सहाच लांब्या शक्य होतात: ३५३, ३५४, ३५५, ३८३, ३८४ आणि ३८५ दिवस. ५७८६ हे वर्ष ३५४ दिवसांचे, तर ५७८७ हे ३८५ दिवसांचे.

नियम किचकट असले तरी ते बंदिस्त आहेत. आकाशात चंद्र दिसला की नाही, हे कोणी पाहण्याची गरज उरलेली नाही. बाराव्या शतकात मैमोनिदेस यांनी हे नियम पद्धतशीर मांडले. पेसाह, म्हणजे मराठी बायबलमधील वल्हांडण, कोणत्या दिवशी येईल याचे सूत्र कार्ल फ्रीडरिश गाऊस या थोर गणितज्ञाने १८०२ मध्ये प्रसिद्ध केले. संगणकाला याहून सोयीचे काम कोणते? डॅनी सॅडिनॉफ यांनी १९९२ मध्ये ‘हेबकॅल’ नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला. १९९९ मध्ये मायकेल रॅडविन यांनी त्याला इंटरनेटवर आणले. त्याची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली आहे. आज जगभरातील असंख्य कुटुंबे, सिनेगॉग आणि इतर संगणकीय सेवा या एका गणनायंत्रावर विसंबून आहेत.

आता सहायकांविषयी. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांसारख्या सहायकांच्या मुळाशी जे भाषा-मॉडेल असते, ते मुळात गणित करणारे यंत्र नव्हे. वाचलेल्या अफाट मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कोणता असावा, याचा अंदाज बांधणे हे त्याचे काम. रोश हशानाच्या तारखा हजारो ठिकाणी छापून आलेल्या असतात, त्यामुळे त्या त्याला बहुधा बरोबर सांगता येतात. परंतु एका विशिष्ट माणसाच्या मृत्यूची तिथी अमुक वर्षी कोणत्या तारखेला येते, हे कुठेही छापलेले नसते. अशा वेळी मॉडेल अंदाज बांधते आणि तो अंदाज माहितीच्याच सुरात सांगते. ऐकणाऱ्याला दोहोंतील फरक कळण्याचा मार्ग नसतो. पंचांगाच्या बाबतीत हे विशेष घातक, कारण एक दिवस चुकलेली तिथी दिसायला बरोबर तिथीसारखीच दिसते.

यावरचा उपाय अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या मानकातून आला. ओपनएआय आणि गुगल या प्रतिस्पर्ध्यांनीही २०२५ मध्ये ते स्वीकारले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कारभार लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील संस्थेकडे सोपविण्यात आला. त्याची कल्पना समजायला अवघड नाही. माहिती पुरविणारा सर्व्हर आपल्यापाशी कोणकोणती कामे होतात याची यादी सहायकाला देतो. प्रत्येक कामाचे नाव, ते काय करते याचे साध्या भाषेतील वर्णन आणि त्यासाठी कोणती माहिती लागेल याचा तपशील. माणसाने प्रश्न विचारला की मॉडेल ही यादी वाचते, योग्य ते काम निवडते, ठरलेल्या साच्यात विचारणा पाठवते आणि आलेले उत्तर आपल्या शब्दांत मांडते. हेबकॅलनेही असा सर्व्हर उपलब्ध करून दिला आहे. इंग्रजी तारखेची हिब्रू तिथी करणे, वर्षाचे सण सांगणे, आठवड्याच्या तोरा-वाचनाचा भाग सांगणे, पुण्यतिथी काढणे अशी कामे त्याच्याकडून करवून घेता येतात.

म्हणजे सहायक झाला दुभाष्या आणि सर्व्हर झाला जोशीबुवा. ही श्रमविभागणी योग्यच आहे, याविषयी दुमत असू नये. मॉडेलने पाठांतरावर तिथी सांगण्यापेक्षा तिने ती गणनायंत्राला विचारून सांगावी, हे केव्हाही बरे. १९ वर्षांचे चक्र, ७९३ भाग, वारांचे नियम यांत आता चूक व्हायची नाही. मात्र चूक नाहीशी झाली असे मानणे हा भाबडेपणा ठरेल. ती गणितातून उठून प्रश्नात जाऊन बसली आहे.

पुन्हा आपल्या उदाहरणाकडे येऊ. मुलगा सहायकाला विचारतो, ‘वडील १० मार्च २०२५ ला गेले, २०२७ मध्ये पुण्यतिथी कधी?’ सर्व्हरला अचूक उत्तरासाठी मृत्यू सूर्यास्तापूर्वीचा की नंतरचा, हे कळायला हवे. मुलाने ते सांगितलेले नाही. चांगला सहायक उलट विचारील. घाईतला सहायक ‘पूर्वीचा’ असे गृहीत धरून पुढे जाईल. उत्तर येईल ते गणिताच्या दृष्टीने निर्दोष असेल, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचे असेल. शिवाय ‘सर्व्हरला विचारून सांगितले’ असा शिक्का त्यावर बसलेला असल्याने मुलाला त्याविषयी शंका घेण्याचेही कारण उरणार नाही. पूर्वी निदान यंत्रावर अविश्वास दाखविण्याची सवय तरी होती!

स्थळाचेही तसेच. शब्बाथचे दिवे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लावायचे असतात. बहुतेक ठिकाणी १८ मिनिटे आधी, जेरुसलेममध्ये मात्र ४० मिनिटे आधी, असा प्रघात आहे. त्यासाठी त्या गावाचा सूर्यास्त हवा. संगणकाच्या जगात भारताच्या प्रमाणवेळेचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असे आहे. भारतातून आलेल्या प्रश्नावर स्थळ नीट न विचारता एखाद्या सहायकाने हे नावच गाव समजून सर्व्हरकडे पाठविले, तर मुंबईकराला कोलकात्याची वेळ मिळेल. दोन्ही शहरांत घड्याळ एकच, पण रेखांशात साडेपंधरा अंशांचे अंतर. सूर्यास्तात सुमारे तासाभराचा फरक. दिवे तासभर आधी लागले तर फारसे बिघडत नाही. पण शनिवारी शब्बाथ संपल्याची वेळ कोलकात्याची घेतली, तर मुंबईत सूर्य क्षितिजावर असतानाच शब्बाथ मोडला जाईल. कर्मठ ज्यू शब्बाथच्या काळात फोन हाती धरत नाही, म्हणजे त्या काळात चूक लक्षात आली तरी ती पडताळून पाहता येत नाही. २०२४ मध्ये रोश हशाना ३ आणि ४ ऑक्टोबरला, गुरुवारी व शुक्रवारी आला आणि त्याला जोडून शब्बाथ. सलग तीन दिवस यंत्र बंद. अशा वेळी बुधवारी दुपारी विचारून ठेवलेले उत्तर हेच शेवटचे असते.

याहून नाजूक प्रश्न रूढीचा. अदारमध्ये वारलेल्याची पुण्यतिथी अधिक वर्षात कोणत्या अदारात पाळायची, याचे एक उत्तर नाही. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेत दुसऱ्या अदारचा निर्णय दिला, तर पोलंडचे मोशे इस्सेर्लेस यांनी त्यावरील टीपांत पहिल्या अदारची रूढी नोंदविली आणि काही जण दोन्ही महिन्यांत पाळतात असेही म्हटले. ढोबळमानाने सेफार्दी समाज पहिल्या मताचा आणि युरोपातील अश्केनाझी समाज दुसऱ्या मताचा. आता संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला तर कुठले तरी एक उत्तर ठरवून ठेवावेच लागते. वापरणाऱ्याने काही सांगितले नाही तर जे लागू होते, ते. छापील पानावर अशा निवडीखाली तळटीप देता येते आणि जाणकार ती वाचतो. सहायकाच्या गुळगुळीत वाक्यात ही तळटीप बहुधा गळून पडते. ‘आपल्या वडिलांची पुण्यतिथी १७ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे’ एवढेच उरते आणि शतकानुशतके शेजारी नांदलेल्या दोन परंपरांपैकी एक, कोणीही तसे ठरविलेले नसताना, नियम होऊन बसते.

हे महाराष्ट्रात कोणाला लागू आहे, असे विचारणाऱ्यांसाठी बेने इस्रायल समाजाची आठवण करून द्यायला हवी. अलिबाग, पेण, रोहे या परिसरात शतकानुशतके राहिलेला, मराठी बोलणारा हा ज्यू समाज. तेलाच्या घाण्याचा त्यांचा व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात उभारले. मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडले, असेही सांगितले जाते. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य इस्रायलला गेले. भारतात आज ज्यू काही हजारच उरले आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. या समाजाची उपासनापद्धती सेफार्दी वळणाची आहे. म्हणजे ठाण्यातील एखाद्या बेने इस्रायल कुटुंबाने मराठीत प्रश्न विचारला आणि त्याला युरोपीय रूढीचे उत्तर मिळाले, तर त्यात गणिताची चूक काहीच नाही, तरी त्या कुटुंबापुरते ते चुकलेलेच.

बेने इस्रायलांनी सणांना जी मराठी नावे दिली, त्यांत हा पेच अधिकच रंगतदार होतो. रोश हशाना हा त्यांचा ‘नव्याचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा तिशा ब'आव हा ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाच्या बिरड्याचे जेवण. आता एखाद्या आजींनी विचारले, ‘या वर्षी बिरड्याचा सण कधी?’ तर हेबकॅलच्या यादीत या नावाचा सण नाही. इथे भाषा-मॉडेलचा खरा उपयोग आहे. त्याने बिरड्याचा सण म्हणजे तिशा ब'आव हे ओळखले, तर सर्व्हर त्याला २०२६ साठी २३ जुलै, सुरुवात २२ च्या सूर्यास्ताला, असे तत्काळ सांगेल. कोणत्याही छापील कोष्टकाला हे जमणारे नव्हते. पण त्याने ते चुकीचे ओळखले तर? आणि नव्याच्या सणानंतर लगेच येणाऱ्या ‘खिरीच्या सणा’चे काय? त्याला सर्वमान्य यादीत सरळ जोड मिळत नाही. दुभाष्याने अशा वेळी ‘मला ठाऊक नाही’ म्हणायला हवे. परंतु हे तीन शब्द उच्चारणे आजच्या सहायकांना सर्वाधिक जड जाते.

गणना आणि निवाडा यांतील हे अंतर ज्यू इतिहासाला नवे नाही. ९२१ मध्ये पॅलेस्टाइनमधील विद्यापीठाचे प्रमुख आरोन बेन मेईर यांनी पुढील सणांच्या ज्या तारखा जाहीर केल्या, त्या बॅबिलोनियातील पंडितांना मान्य नव्हत्या. वाद होता ६४२ भागांचा, म्हणजे जेमतेम पस्तीस-छत्तीस मिनिटांचा. तेवढ्या फरकाने अमावास्येचा क्षण मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे, हे बदलत होते आणि ९२२ चा पेसाह एका पक्षाच्या मते रविवारी, दुसऱ्याच्या मते मंगळवारी येत होता. दोन्ही बाजूंचे गणित आपापल्या गृहीतकांवर चोख होते. अखेर सादिया गाओन यांच्या युक्तिवादांमुळे बॅबिलोनियाचा पक्ष सरशी करून गेला. आज प्रत्येक संगणकीय पंचांगात जे सूत्र आहे, ते त्या वादातील विजेत्यांचे आहे.

दुसरा प्रसंग १९४१ चा. लिथुआनियातील जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी दिलेल्या व्हिसांवर युरोपातून निसटलेले काही ज्यू निर्वासित जपानच्या कोबे शहरात होते. योम किप्पूर जवळ आला आणि प्रश्न पडला, जपान ज्यू धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाररेषेच्या कोणत्या बाजूला? स्थानिक दिनदर्शिकेप्रमाणे उपवास बुधवारी येत होता. त्यांनी जेरुसलेमला तारा पाठविल्या. तेथील प्रमुख धर्मगुरूंच्या सभेने बुधवार सांगितला. ‘हझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे प्रकांड पंडित अव्राहाम येशाया कारेलित्झ यांनी गुरुवार सांगितला. तारयंत्राने प्रश्न नेला आणि उत्तरे आणली, यंत्राचे काम तिथे संपले. कोणाचे मानायचे, हे त्या भुकेल्या माणसांना ठरवावे लागले. पण उत्तर कोणाचे आहे, हे तारेवरील नावावरून त्यांना कळत तरी होते. आजच्या सहायकाच्या उत्तरावर सही नसते.

आपल्याकडेही हे अगदी ताजे आहे. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावरून देशभर घोळ झाला. महाराष्ट्रातील पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला, उत्तरेत अनेकांनी आदल्या दिवशी दिवाळी केली. ‘दिवाळी कधी?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारा सहायक त्या वर्षी कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीने चुकणारच होता. फरक इतकाच की मराठी वाचकाला दाते पंचांग आणि टिळक पंचांग वेगळे असते, हे लहानपणापासून माहीत असते. यंत्राच्या आडही एक विशिष्ट पंचांग असते, ही जाणीव मात्र अजून रुजायची आहे.

म्हणून अशा जोडणीकडून काही अपेक्षा ठेवणे गैर ठरणार नाही. सर्व्हरने रूढीतील निवड लपवू नये. अदारच्या प्रश्नाला एक तारीख न देता दोन्ही तारखा आणि त्यांमागील परंपरा यांची नावे द्यावीत. सूर्यास्तापूर्वी की नंतर, हे विचारल्याशिवाय पुण्यतिथीचे गणित सुरूच होऊ नये, अशी रचना करणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक कामासोबत जे वर्णन जाते, ते वाचूनच मॉडेल आपले वर्तन ठरवते. त्यामुळे ही चार-दोन वाक्ये लिहिणाऱ्या प्रोग्रामरच्या हाती आज धर्मसंहितेवर टीपा लिहिणाऱ्या पंडितासारखी सत्ता आली आहे. त्याला ती नको असेल, तरीही.

एका गोष्टीची चर्चा मात्र पुरेशी होत नाही, ती खासगीपणाची. पुण्यतिथी विचारणारा मृताचे नाव आणि तारीख सांगतो, दिव्यांची वेळ विचारणारा आपले गाव सांगतो. दोन्ही एकत्र केले की अमुक ठिकाणी एक धर्मपालन करणारे ज्यू कुटुंब राहते, एवढे सहज कळते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत नरिमन हाऊसवर काय झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना ही शंका अतिरंजित वाटणार नाही. युरोपच्या कायद्यात धर्मविषयक माहितीला विशेष संरक्षण आहे; भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्गच नाही. असा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालविण्याची मुभा या प्रोटोकॉलमध्ये आहे आणि पंचांगाच्या गणिताला बाहेरची कोणतीच माहिती लागत नसल्याने ते सहज शक्यही आहे. परंतु सहायक चालविणाऱ्या कंपनीपर्यंत प्रश्न तरीही पोहोचतोच.

आणि शेवटी हा भार वाहणाऱ्यांविषयी. तीन दशकांहून अधिक काळ मूठभर माणसांनी जपलेले, खुले आणि मोफत असे हे काम आहे. लोक संकेतस्थळावर येत, तिथल्या टीपा वाचीत, चूक दिसली तर कळवीत. सहायक मधे आला की लोक तिथे जाणार नाहीत. यंत्रेच जातील, अहोरात्र आणि लाखोंच्या संख्येने. सर्व्हरवरचा बोजा वाढेल, पण ‘आमच्याकडे दुसऱ्या अदारात पाळतात, तुमच्या यादीत ते नाही’ असे कळवणारा वाचक कमी होईल. आजवर पंचांगातील असे तपशील सुधारले ते अशाच वाचकांच्या पत्रांमुळे. बेने इस्रायलांच्या सणांची मराठी नावे या यादीत यावीत असे कोणाला वाटत असेल, तर ती कळविण्याची वाट आजही खुली आहे. मात्र ती ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी आता अश्दोद, लोद आणि ठाण्यात वृद्ध झाली आहे.